महाभियोग अगदी शेवटचाच उपाय म्हणून ठेवावा का?

गारपीट

मंडळी, राजकारणाचाच विषय काढतोय पण आपल्याकडचा नाही, त्यामुळे मोदी-राहुल इथे आणू नका प्लीज, त्यासाठी बाकीचे धागे वाहतायत.

तर विषय असा. राष्ट्राध्यक्ष निवडून आलाय, टर्म ठरलेली आहे चार-पाच वर्षांची, आणि मधेच त्याने काहीतरी भयंकर केलं किंवा केल्याचा आरोप आहे. महाभियोग लावून त्याला काढणं हे बाकी सगळं करून थकल्यावर करायचं काम आहे, की गुन्हा दिसला की लगेच हात घालायचा? काल मेव्हण्याशी यावरून चांगली जुंपली. त्याचं म्हणणं शेवटचाच उपाय असावा, निवडणूक आहे, कोर्टं आहेत, पेपरवाले आहेत, आधी ते सगळं होऊ दे, कोट्यवधी लोकांनी दिलेलं मत चारपाचशे खासदारांनी फिरवायचं म्हणजे काय. मला हे पटत नाही. अमेरिकेत आजवर चार वेळा झाला, अँड्र्यू जॉन्सनवर १८६८ मध्ये, क्लिंटनवर १९९८ मध्ये, ट्रम्पवर २०१९ आणि परत २०२१ मध्ये, आणि चारही वेळा सिनेटने (तिथलं वरचं सभागृह, खटला तिथे चालतो) सोडून दिलं. एकही अध्यक्ष त्या रस्त्याने घरी गेलेला नाही. मग असा उपाय शेवटी ठेवला काय आणि आधी ठेवला काय. तिकडे दक्षिण कोरियाने मात्र आठ वर्षांत दोन अध्यक्ष काढले.

अमेरिकावाले लिहा. कोरियात कोणी असेल तर उत्तमच.

एडिसनकर

तुमच्या मेव्हण्याच्या बाजूने मी.

मी इकडे आलो ते १९९८ चं साल होतं. टीव्ही लावला की लेविन्स्की (क्लिंटनशी संबंध असलेली व्हाइट हाऊसची इंटर्न), पेपर उघडला की लेविन्स्की, ऑफिसात डबा उघडला तरी तेच, आम्ही देशी पोरं व्हिसाच्या काळजीत आणि हे लोक एका निळ्या ड्रेसवर तासन्‌तास बोलतायत. आता क्लिंटन धुतल्या तांदळासारखा होता असं मुळीच नाही, शपथेवर खोटं बोलला तो. पण पुढे काय झालं बघा. नोव्हेंबरात मिडटर्म (टर्मच्या मध्यावरची संसदेची निवडणूक) झाली, एरवी त्यात अध्यक्षाचा पक्ष मार खातो, इथे उलट हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, क्लिंटनच्या डेमोक्रॅट्सच्या ५ जागा वाढल्या, स्पीकर गिंग्रिचला खुर्ची सोडतो म्हणून जाहीर करावं लागलं. लोकांनी याहून स्पष्ट काय सांगायचं? तरी जाता जाता जुन्या हाऊसने १९ डिसेंबरला दोन कलमांवर महाभियोग पास केलाच. सिनेटमध्ये खोट्या साक्षीचं कलम ४५-५५ ने पडलं, न्यायात अडथळा आणल्याचं ५०-५० वर अडकलं. लागत होती १०० पैकी ६७. आणि सिनेटमध्ये बहुमत होतं रिपब्लिकनांचंच!

नुकसान काय झालं म्हणाल तर धाक गेला. १८६८ नंतर १३० वर्षं एकाही अध्यक्षावर महाभियोग पास झाला नव्हता आणि मग १९९८ ते २०२१ मध्ये तीन. आता तर ठरूनच गेलंय, तुम्ही आमच्यावर केला ना मग आम्ही तुमच्यावर. बायडेनवर चौकशी करायचा ठराव डिसेंबर २०२३ मध्ये २२१-२१२ ने पास केला, पुढे कलमं आलीच नाहीत. ते जमेना तर होमलँड सिक्युरिटीचा मंत्री मायोर्कस धरला, २१४-२१३, एका मताने, सिनेटने तो खटला चालवलासुद्धा नाही. मंत्र्यावरचा त्याआधीचा महाभियोग १८७६ सालचा, बेलनॅप म्हणून युद्धमंत्री होता त्याच्यावर.

तुम्ही म्हणता उपयोग होत नाही म्हणून लवकर वापरा. मी म्हणतो लवकर वापरला म्हणूनच उपयोग होत नाही.

खडूस

१९७० मध्ये जेराल्ड फोर्ड (तेव्हा खासदार होता, अध्यक्ष नंतर झाला) सुप्रीम कोर्टाच्या जज डग्लसच्या मागे लागला होता तेव्हा बोलून गेला की महाभियोग लावण्यासारखा गुन्हा म्हणजे हाऊसच्या बहुमताला त्या वेळी जो वाटेल तो. झालं. पहिला उपाय की शेवटचा हा प्रश्नच नाही, आकडे आहेत का बोला. बाकी चालू द्या.

अवनी

एडिसनकर काका, क्लिंटनचं प्रकरण तुम्हाला सोयीचं म्हणून तेच उचललंत :) त्या केसमध्ये तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण एका फालतू केसवरून अख्खा नियम नको ना काढायला.

निवडणूक आहेच की, ती होऊ दे, हा युक्तिवाद अमेरिकेच्या घटनेइतकाच जुना आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहायला बसले होते तेव्हा गव्हर्नर मॉरिसचं (गव्हर्नर हे नाव, हुद्दा नाही) सुरुवातीला हेच म्हणणं होतं. त्यावर जॉर्ज मेसनने जे विचारलं त्याला आजही कोणाकडे उत्तर नाही, की ज्या माणसाने भ्रष्टाचार करूनच खुर्ची मिळवली त्याला तोच भ्रष्टाचार परत करून सुटायची मुभा द्यायची का? फ्रँकलिन तेव्हा ८१ वर्षांचा होता, तो म्हणाला अहो हे अध्यक्षाच्याही भल्याचंच आहे, नाहीतर पूर्वी असल्या माणसाचा लोक सरळ खून करायचे आणि बिचाऱ्याला आपली बाजू मांडायचीही संधी मिळायची नाही. त्या एका चर्चेत मॉरिसने मत बदललं.

आणि आपल्या लोकांना यात रस वाटावा असा एक धागा आहे. त्याच सभेत सप्टेंबरमध्ये मसुद्यात महाभियोगासाठी फक्त देशद्रोह आणि लाचखोरी एवढंच होतं. मेसन उठला आणि म्हणाला एवढ्याने भागणार नाही, हेस्टिंग्जने देशद्रोह केलेला नाही. हा हेस्टिंग्ज म्हणजे आपला वॉरन हेस्टिंग्ज! १७७९ मध्ये वडगाव मावळला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून तह करायला लावला तो तह धुडकावून लावणारा आणि शेवटी १७८२ ला महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह करणारा गव्हर्नर जनरल. त्याच्यावर बनारसच्या चैतसिंहाला पिळल्याचे, अवधच्या बेगमांची दौलत लुबाडल्याचे आरोप ठेवून खासदार बर्कने इंग्लंडच्या पार्लमेंटात महाभियोग आणला होता, तो अगदी त्याच वर्षी. मेसनने आधी सुचवलं की गैरकारभार असा शब्द घाला. मॅडिसन म्हणाला छे, इतकं ढिलं ठेवलं तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर नांदेल. मग तडजोड म्हणून मोठे गुन्हे आणि गैरवर्तन असं काहीसं आलं, ते आजतागायत.

म्हणजे भांडण झालं ते कशासाठी लावायचा यावर. बाकीचं सगळं संपल्यावरच लावायचा अशी अट काही त्यांनी घातली नाही. हे शेवटचा-उपाय प्रकरण लोकांनी नंतर चिकटवलंय असं माझं मत.

(हेस्टिंग्जचं पुढे काय झालं? खटला १७८८ ते १७९५, सात वर्षं चालला आणि सुटला. तेही आहेच.)

भटकी_मांजर

बेसिक प्रश्न विचारते, हसू नका. ट्रम्पवर दोनदा महाभियोग झाला म्हणतात आणि तरी तो परत अध्यक्ष आहे हे कसं काय? झाला म्हणजे काढला ना?

नोटरी

@भटकी_मांजर, नाही. हाऊसने साध्या बहुमताने पास केलं म्हणजे फक्त आरोप ठेवला. खटला सिनेटसमोर चालतो आणि हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश मतं पडली तरच पद जातं. परत उभं राहायला बंदी घालायची असेल तर त्यावर पुन्हा वेगळं मतदान, ते दोषी ठरवल्यावरच. ट्रम्पला २०२१ मध्ये ५७ मतं दोषी म्हणून पडली, त्यात त्याच्याच पक्षाची ७, पण ५७ म्हणजे ६७ नाहीत. आजवर सिनेटने दोषी ठरवून काढलेले एकूण आठच आहेत आणि आठही न्यायाधीश.

सोल-कढी

कोरियावाला हजर आहे. सुवनला असतो, सोलच्या दक्षिणेला.

३ डिसेंबर २०२४ ची रात्र सांगतो, कारण त्याशिवाय इथलं गणित कळणार नाही. रात्री साडेदहाच्या सुमाराला अध्यक्ष युन टीव्हीवर आला आणि मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, जाहीर केला. मला कोरियन बऱ्यापैकी येतं तरी मी दोनदा ऐकलं, वाटलं काहीतरी चुकीचं समजलोय, शेजारच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी दार उघडून नुसती मान हलवली, त्यांच्या तरुणपणी त्यांनी हे बघितलेलं असणार. आता इथल्या घटनेत असं आहे की संसदेने एकूण सदस्यांच्या बहुमताने सांगितलं की मार्शल लॉ उठवा तर अध्यक्षाला उठवावाच लागतो. ३०० चं सभागृह, म्हणजे १५१ माणसं आत पोचली पाहिजेत, आणि बाहेर पोलीस, वरून हेलिकॉप्टरने उतरलेले सैनिक खिडक्या फोडतायत. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले. स्पीकर वू वोन-शिक, साठी उलटलेला माणूस, तोही भिंत चढून गेला. रात्री एकच्या सुमाराला ठराव पास, १९०-०, आणि त्यात युनच्या स्वतःच्या पक्षाचेही १८ होते. पहाटे साडेचारच्या आसपास त्याने मार्शल लॉ मागे घेतला.

आता गारपीटच्या प्रश्नाकडे. महाभियोग दुसऱ्याच दिवशी दाखल झाला, ७ तारखेला मतदान. युनच्या पक्षाने बहिष्कार टाकला, दोनशेची गणसंख्या भरली नाही, १९५ च मतं पडली, प्रस्ताव गेला. आणि त्यांचा मुद्दा काय होता? हाच तुमच्या मेव्हण्याचा! पक्षाध्यक्ष हान डोंग-हुन म्हणत होता की महाभियोग नको, देशात गोंधळ होईल, आपण त्याला शिस्तीत बाजूला करू, तो लवकर राजीनामा देईल. ऐकायला एकदम समंजस. आठवडाभर ते चाललं आणि १२ तारखेला युन परत टीव्हीवर, मी शेवटपर्यंत लढणार. मग १४ ला दुसरं मतदान, २०४-८५. पास होताक्षणी अध्यक्षाचे अधिकार गोठतात आणि पंतप्रधान काम बघतो, हा अमेरिकेहून फार मोठा फरक आहे. तिकडे खटला चालू असताना अध्यक्ष आपला सह्या करत बसलेला असतो. पुढे घटनात्मक न्यायालय, १८० दिवसांत निकाल द्यायचा, काढायला सहा न्यायाधीश लागतात. ४ एप्रिल २०२५ ला आठही जणांनी एकमताने काढला, ६० दिवसांच्या आत निवडणूक, ३ जूनला ली जे-म्युंग निवडून आला.

मधला तो आठवडा फार वाईट गेला हो. बाकी उपाय आधी करून बघू म्हणायला ठीक आहे पण ज्याने एकदा सैन्य संसदेत पाठवलं तो परत पाठवणार नाही याची खात्री कोणालाच नव्हती आणि सैन्याचा सर्वोच्च सेनापती तोच होता. थांबायला हरकत नाही, पण थांबेपर्यंत बंदूक कोणाच्या हातात आहे ते आधी बघा.

आता एडिसनकरांसाठी दुसरी बाजू. २००४ मध्ये तेव्हाचा अध्यक्ष रोह मू-ह्युनवर महाभियोग झाला होता, १९३-२. कारण काय, तर निवडणुकीत तटस्थ राहायच्या ऐवजी तो उरी पक्षाला (त्याच्या बाजूचा पक्ष) पाठिंबा दिसेल असं बोलला. एवढंच. महिन्याभरात निवडणूक आली, लोकांनी महाभियोगवाल्यांना झोडपलं, उरी पक्षाला २९९ पैकी १५२ जागा. मे मध्ये कोर्टाने सांगितलं की कायदा मोडलाय हे खरं, पण निवडून दिलेल्या अध्यक्षाला काढावं इतकं ते गंभीर नाही. ही जी गंभीरतेची कसोटी आहे ना तीच पुढे अध्यक्ष पार्क ग्युन-हे ला २०१७ मध्ये लावली आणि ती ८-० ने गेली. तीच युनला.

आणखी एक, युनने मार्शल लॉच्या भाषणात कारण काय दिलं माहितेय? की विरोधकांनी माझ्या सरकारातल्या लोकांवर वीसहून जास्त महाभियोग आणले. आणले होतेच! मंत्री, सरकारी वकील, ऑडिटवाले, युनच्या नंतर हंगामी आलेल्या पंतप्रधान हान डक-सूवरसुद्धा लावला आणि कोर्टाने तो मार्च २०२५ मध्ये फेटाळला. म्हणजे विरोधक संत नव्हते. पण कोर्टाने हेही सांगितलं की ते भांडण राजकारणाने सोडवायचं होतं, त्याला आणीबाणी म्हणत नाहीत.

एडिसनकर

सोल-कढी, छान लिहिलंत, आणि नावही झकास.

पण तुमचीच गोष्ट बघा, युनची केस म्हणजे मी ज्याला शेवटचा उपाय म्हणतो तीच आहे. सैन्य संसदेत घुसलं म्हटल्यावर आणखी वाट कसली बघायची. माझा विरोध उठसूट वापराला आहे, रोहच्या केसला आहे, क्लिंटनच्या केसला आहे.

गारपीट

काका, इथेच मला अडचण येते. सगळ्यात टोकाची केस म्हणजे शेवटचा उपाय असं म्हणत असाल तर मान्य. पण लोक ते तसं वापरत नाहीत, लोक म्हणतात आधी दुसरीकडे जाऊन या. २०२१ चंच बघा. ६ जानेवारीला कॅपिटॉलवर हल्ला, १३ ला हाऊसने महाभियोग पास केला २३२-१९७ ने, १० रिपब्लिकन सोबत. तेव्हा ट्रम्पच्याच पक्षाचा मॅककॉनेल सिनेटचा नेता, त्याने २० तारखेच्या आत खटला घेतला नाही. २० ला ट्रम्पची टर्म संपली. १३ फेब्रुवारीला मतदान आलं तेव्हा हाच मॅककॉनेल म्हणाला हा आता माजी अध्यक्ष आहे, त्याला आम्ही दोषी ठरवू शकत नाही, आणि मतदान झाल्या झाल्या भाषण केलं की जे झालं त्याला ट्रम्पच जबाबदार आहे, आणि आपल्याकडे फौजदारी कोर्टं आहेत. बरं, मग कोर्टात गेले. तर १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने सांगितलं की अध्यक्षाला अधिकृत कृत्यांसाठी खटल्यापासून मोठं संरक्षण आहे. म्हणजे सिनेट म्हणतं कोर्टात जा, कोर्टाचं हे असं, आणि मधल्या काळात निवडणूक आली. सरकारी ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात तसं झालं हे, साहेब जेवायला गेलेत.

खडूस

आणि त्या ५७ पैकी कोणालाही विचारा, हिशोब आकड्यांचाच होता. बोललो होतो.

नोटरी

थोडं वेगळं लिहितो. वकिली करतो, अमेरिकेचा तज्ज्ञ नाही.

आपल्याकडे हा प्रश्न का पडत नाही ते बघा. राष्ट्रपतींवर महाभियोगाची तरतूद आहे, कलम ६१, कारण एकच, घटनेचा भंग. सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश, हजर असलेल्यांच्या नाही, आणि मग दुसरं सभागृह चौकशी करणार आणि तिथेही तेवढीच मतं. १९५० पासून एकदाही वापरलेली नाही. कारण आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, खरी सत्ता पंतप्रधानांकडे, आणि पंतप्रधानांना काढायला कसलाच गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. १७ एप्रिल १९९९, वाजपेयी सरकार, २६९ विरुद्ध २७०, एका मताने घरी. कोणी म्हणालं का की हा शेवटचा उपाय होता, आधी कोर्टात का नाही गेलात? विश्वास नाही, विषय संपला.

अध्यक्षीय पद्धतीत ही सोयच नाही, टर्म पक्की. म्हणून मग काय होतं, नावडत्या अध्यक्षाला काढायला महाभियोगच हाताशी असतो आणि विरोधक तो अविश्वास ठरावासारखा वापरायला लागतात. ब्राझीलमध्ये २०१६ ला अध्यक्ष डिल्मा रूसेफला काढलं ते बजेटचे आकडे फिरवल्याबद्दल, सरकारी बँकांचे पैसे वेळेवर न देता तूट कमी दाखवली असा आरोप. सिनेटमध्ये ६१-२०. नियम मोडला असेल, पण खरं कारण मंदी आणि आघाडी फुटणं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

पेरू तर विचारू नका. तिथल्या घटनेत अध्यक्षाची कायमची नैतिक असमर्थता असं एक कारण आहे, त्याची व्याख्या नाही, आणि या सगळ्या काळात एकच सभागृह होतं, १३० पैकी ८७ मतं जमली की काम व्हायचं. अध्यक्ष कुचिन्स्कीने २०१८ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला. विझकारा नोव्हेंबर २०२० मध्ये गेला. त्याच्या जागी मेरिनो आला तो पाच दिवस टिकला, लोक रस्त्यावर उतरले म्हणून. कास्तियो डिसेंबर २०२२ मध्ये गेला, त्याने तर काढायच्या आधी संसदच बरखास्त करायचा प्रयत्न केला. मग बोलुआर्ते आली, तिलाही ऑक्टोबर २०२५ मध्ये काढली. एडिसनकरांना जी भीती आहे ती तिथे खरी झालेली आहे.

त्यामुळे माझं मत विचाराल तर पहिला की शेवटचा हा क्रम कायद्यात लिहून काही होत नाही. गुन्हा कोणता ते नीट लिहा आणि निकाल कोणाकडे द्यायचा ते ठरवा. कोरियात आरोप राजकारणी ठेवतात आणि निकाल न्यायाधीश देतात, त्यामुळे विरोधकांना चार वेळा विचार करावा लागतो, उगीच लावला तर रोहच्या वेळेसारखं तोंडावर पडायला होतं. अमेरिकेत आरोपही राजकारणी आणि निकालही राजकारणी, तिथे खडूस म्हणतात तसं आकडेच उरतात.

एडिसनकर

नोटरी, पण अमेरिकेत राजकारण्यांनीच निकाल लावून अध्यक्ष घरी गेलाय. निक्सन. हाऊसमध्ये मतदान व्हायच्या आधीच गेला म्हणून गारपीटच्या यादीत तो नाही.

आणि ती केस माझ्या बाजूची आहे. १७ जून १९७२ ला वॉटरगेटची चोरी, डेमोक्रॅट्सच्या ऑफिसात. त्यानंतर दोन वर्षं सगळं क्रमाने झालं. पेपरवाल्यांनी काढलं, कोर्टात चोरांना शिक्षा झाल्या, सिनेटची अर्विन कमिटी मे १९७३ पासून टीव्हीवर, जुलैमध्ये व्हाइट हाऊसच्या बटरफील्डने सांगितलं की अध्यक्षाच्या ऑफिसात सगळं टेप होतं. मग टेपसाठी कोर्टकचेरी, २४ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टाचा ८-० निकाल, टेप द्या. त्यातले तीन जज खुद्द निक्सनने नेमलेले. त्यानंतर, लक्षात घ्या त्यानंतर, हाऊसच्या कमिटीने २७ जुलैला पहिलं कलम २७-११ ने पास केलं आणि त्यात सहा रिपब्लिकन होते. ५ ऑगस्टला निक्सनला अडकवणारी टेप बाहेर आली, ७ ला गोल्डवॉटर आणि पक्षाचे आणखी दोन ज्येष्ठ नेते त्याला जाऊन सांगून आले की सिनेटमध्ये तुझ्याकडे मतं नाहीत. ९ ला गेला. गडबड न करता पुरावा जमवला की स्वतःच्या पक्षाचे लोक फुटतात. गडबड केली की पक्ष एक होतो. २०१९ च्या केसमध्ये रिपब्लिकनांतला एकटा रॉम्नी सिनेटमध्ये फुटला कारण साक्षीदारसुद्धा पुरते बोलावले नाहीत, हाऊसने कोर्टाच्या निकालाची वाट न बघता तीन महिन्यांत आटपलं.

अवनी

काका, क्रम तुम्ही बरोबर सांगितलात पण मधला एक दिवस गाळलात.

२० ऑक्टोबर १९७३, शनिवार. वॉटरगेटचा तपास करणारा विशेष वकील कॉक्स टेप मागतोय म्हणून निक्सनने त्याला काढायचा हुकूम दिला, ॲटर्नी जनरल रिचर्डसनने नकार देऊन राजीनामा दिला, त्याच्या खालच्यानेही नकार दिला, शेवटी तिसऱ्याने, बोर्कने काढलं. म्हणजे तुमचे ते कोर्ट, चौकशी वगैरे उपाय निक्सनने त्या रात्री बंद पाडले होते. मग ते परत सुरू कसे झाले? व्हाइट हाऊसवर तारांचा पाऊस पडला, मंगळवारी हाऊसमध्ये महाभियोगाचे ठराव धडाधड दाखल झाले, आणि त्याच मंगळवारी निक्सनच्या वकिलाने जज सिरिकासमोर सांगितलं की टेप देतो. नवा विशेष वकील जावोर्स्की नेमावा लागला, आणि तुम्ही ज्या ८-० निकालाचं कौतुक करताय ती केस त्याने लढवली. म्हणजे १९७४ च्या निकालाआधी नऊ महिने महाभियोग टेबलावर होता. हाऊसच्या कमिटीने कामाला सुरुवात तेव्हाच केली, फेब्रुवारीत पूर्ण हाऊसने ४१०-४ ने चौकशीला मंजुरी दिली. कोर्ट आणि महाभियोग एकापाठोपाठ चालले नाहीत, बरोबर चालले, आणि एकाच्या धाकाने दुसरं चाललं.

२०१९ च्या केसमध्ये साक्षीदार आले नाहीत हे खरं, पण बोल्टनसारख्या (ट्रम्पचा माजी सुरक्षा सल्लागार) माणसाला सिनेट बोलावू शकत होतं, रॉम्नी आणि कॉलिन्स तयारही होते, ४९-५१ ने पडलं ते. हाऊसने घाई केली यात तथ्य आहे, तरी जी माणसं साक्षीदार बोलवायला नाही म्हणाली त्यांनीच पुरावा कमी पडला म्हणायचं हे जरा जास्तच झालं.

आणि १९७२ ची निवडणूक. चोरी जूनमध्ये, मतदान नोव्हेंबरमध्ये, निक्सनने ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. बहुतेक मतदारांच्या लेखी तेव्हा एवढंच होतं की कोणीतरी फुटकळ चोर पकडले गेले, एफबीआयचा तपास थांबवायला सीआयएला पुढे करायचं निक्सनने २३ जूनलाच ठरवलं होतं हे टेपमधून कळायला ऑगस्ट १९७४ उजाडलं. कसला कौल आणि कसलं काय.